नळदुर्ग: पाण्याच्या पडद्याआडचा महाल
तुळजापूर तालुक्यातील नळदुर्ग किल्ला पावसाळ्यातच पाहावा, कारण बोरी नदीला भरपूर पाणी आले की बंधाऱ्यावरून नर आणि मादी हे धबधबे कोसळतात आणि त्याच बंधाऱ्याच्या पोटात, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधलेल्या पाणीमहालाच्या खिडकीतून, अंगावर केवळ तुषार घेत, समोरून पडणारे पाणी पाहता येते. असे स्थापत्य मराठवाड्यात मी अन्यत्र पाहिलेले नाही. आत उतरणाऱ्या पायऱ्या ओल्या व निसरड्या असतात. वयस्कर मंडळींना हाताला धरूनच न्यावे. उपळी बुरुजावर तोफा आहेत, चढ दमवणारा आहे. तुळजाभवानीच्या दर्शनाला येणाऱ्यांनी अर्धा दिवस या किल्ल्यासाठी अवश्य राखून ठेवावा.