पॅन फिरतो म्हणाला, तिथंच फोन ठेवायला हवा होता

दोन लाख तीस हजार सातशे रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायला ज्यांना सवड नाही त्यांना निदान तेवढं तरी कळेल. गणपती ते दिवाळी एवढ्या काळात, आठ वेळा, माझ्याच बोटाने पिन दाबून, फसवणुकीत गेलेले.

नाव लिहीत नाही. वेंगुर्ल्यात माझं नाव सांगितलं की कुणीही वर्कशॉपच्या दारात आणून सोडतो, आणि मासळी बाजारात गेलं की "काय ओ, तोफ इली काय?" विचारणारे आधीच पुरेसे आहेत.

चाळीस वर्षं लेथवर काढली. ट्रॉलरचे शाफ्ट, पंखे, पंप, हेच काम. छंद एकच, जुन्या लढाऊ विमानांवरच्या मशिनगनांचं सामान जमवायचं आणि गंज काढून परत रूपाला आणायचं. सामान म्हणतोय, गन नव्हे. पॅन म्हणजे गनवर बसणारा काडतुसांचा चपटा गोल डबा, नेम धरायची कडी, माउंटिंगचे तुकडे. घोडा दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात असं हत्यार १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे निषिद्ध आहे, ते आपल्यासारख्याला घरात ठेवता येत नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणूनच पुढची गोष्ट सांगताना जास्त लाज वाटते.

सुरुवात दारुखान्यात, मुंबईच्या त्या भंगारबाजारात झाली. शाफ्टचा रॉड बघायला गेलो होतो, तिथे भंगाराच्या ढिगात लुईस नावाच्या जुन्या मशिनगनचा ४७ काडतुसांचा पॅन दिसला. भंगारवाल्याला तो कसला ते माहीत नव्हतं, वजनावर दिला. घरी आणून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, बॅटरी चार्जरच्या मंद करंटवर गंज सोडवला. मधला ॲल्युमिनियमचा भाग आधी वेगळा काढायचा, नाहीतर सोडा त्यालाच खातो. आपल्या हवाई दलाचं पहिलं स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ ला कराचीत उभं राहिलं ते वापिटी विमानांवर. त्यांच्या मागच्या जागेत उघड्या वाऱ्यात बसलेल्या माणसाच्या हातात हीच लुईस असायची. तो पॅन हातात फिरवताना मला ते सगळं दिसायचं. बायकोला तो पोळपाट दिसायचा. असो.

जुन्या वस्तूंच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मला फसवणारा भेटला. पहिल्याच फोनला मालवणीत सुरू झाला, "काका, आमी देवगडचेच." वडील भंगाराच्या धंद्यात होते, आता नाहीत, गोडाऊन रिकामं करायचंय. एक विमानाची गन आहे, व्हिकर्स के. नळी कापलेली, आतला बोल्ट नाही, नुसतं धड, आणि वर दोन पॅन. युद्धात विमान समुद्रात पडलं होतं, बऱ्याच वर्षांनी ट्रॉलरच्या जाळ्यात आली. धडाचे ५४ हजार, पॅनचे नऊ-नऊ हजार, एकूण ७२ हजार.

आता इथे थांबा, कारण मी थांबलो नाही.

व्हिकर्स के आणि लुईस, दोन्हींवर वर चपटा गोल पॅन बसतो. फोटोत नवख्याला फरक कळत नाही. पण लुईसचा पॅन गोळीगणिक स्वतः फिरतो. व्हिकर्सचा शंभर काडतुसांचा पॅन बाहेरून जागचा हलत नाही, आतली स्प्रिंग काडतुसं पुढे सरकवते. लुईस मिनिटाला पाच-सहाशे गोळ्या सोडते आणि व्हिकर्स हजाराच्या आसपास. ही गोष्ट मला झोपेतही सांगता येते. म्हणून मी मुद्दाम, हुशारी करून, विचारलं, "पॅन नीट फिरतो ना रे?"

"मस्त फिरता काका! ऱ्हवा, व्हिडिओ धाडतंय."

आणि धाडला. मनगटाला लाल दोरा बांधलेला एक हात, काळा पॅन, आणि तो हात त्याला भोवऱ्यासारखा गरगर फिरवतोय. सापळा मी लावला होता. त्याने त्यात सरळ पाय टाकला. आणि मी काय केलं? तो व्हिडिओ अकरा वेळा बघितला आणि मनात म्हटलं, पोराला काही कळत नाही, ही व्हिकर्स नाही, लुईस आहे! विमानावरची, नळीवरचं थंडाव्याचं जॅकेट काढलेली लुईस, ७२ हजारांत! याला न कळू देता आपण पटकन घेऊन टाकू.

हे लिहायला मला तीन दिवस लागले. मुलाला सांगितलं नाही, पोलिसांना सांगितलं नाही, इथे सांगतोय. त्याने मला फसवलं हे खरं, पण त्या घटकेला मी त्याला फसवत होतो असं मला वाटत होतं. तुम्हाला असं कधी वाटलं, की समोरचा अडाणी आहे आणि माल सोन्याचा आहे, तर पैसे नका पाठवू. रात्रभर थांबा. एवढंच करा.

दुसरी गोष्ट तर त्याहून हसण्यासारखी. जन्म गेला बंदरावर. खारं पाणी लोखंडाचं काय करतं ते मी पुस्तकात वाचलेलं नाही, नखांत भरलेलं आहे. आणि त्या फोटोत, इतकी वर्षं समुद्रात राहिलेल्या गनवर, एक खड्डा नव्हता. कडा धारदार, काळा रंग सारखा. मी स्वतःच त्याची वकिली केली. म्हटलं, खाडीच्या मुखाशी चिखलात रुतली असेल, चिखलात हवा लागत नाही, तिथे लोखंड टिकतं. हे खोटं नाही, टिकतंही. पण हे त्याने सांगितलं नव्हतं. मी सांगितलं, तो "होय होय काका, चिखलातच" म्हणाला. त्याच्या गोष्टीला जिथे जिथे भोकं होती तिथे तिथे मीच वेल्डिंग करून दिलं.

पहिले २० हजार गणपतीच्या आधी दिले. मग नळी बुजवल्याचा दाखला हवा म्हणून ११,८०० मागितले, दहा हजार अधिक अठरा टक्के जीएसटी. तो जीएसटी बघून मला उलट बरं वाटलं, चोर कशाला कर लावेल? मग "पुरातत्त्व नोंदणी"चे ७,५००. आता १९७२ च्या कायद्यात पुरावस्तू म्हणजे किमान शंभर वर्षं जुनी वस्तू, आणि व्हिकर्स के तर १९३० नंतरच्या दशकातली. बोटांवर मोजता येतं. मोजलं नाही. मग उरलेले ५२ हजार, आणि टेम्पोभाड्याचे ३,४००. इथवर ९४,७००.

पार्सल कुडाळहून मीच स्कूटरवर आणलं. फळीच्या खोक्यात गोणपाट, गोणपाटात दोन इंची जी.आय. पाइप, तीन फुटांचा, त्याला काळा ऑइलपेंट. एकेक पॅन म्हणजे जेवणाची दोन स्टीलची ताटं, पालथी, कडेने रिव्हेट मारलेली. मधून बोल्ट. त्यामुळेच एवढी छान फिरत होती. बायको दारात उभी होती. ती काही फार बोलली नाही. "ह्या वयात हे धंदे सुचतत तुमका?" एवढंच, आणि आत गेली.

माणसाने इथेच नाक घासून गप्प बसायचं. पण खरा दरोडा अजून पडायचा होता.

चौथ्या दिवशी व्हिडिओ कॉल. पोलिसी गणवेश, मागे झेंडा, टेबलावर फायली. हिंदीत म्हणाला, दिल्लीहून बोलतोय, तुम्ही निषिद्ध हत्याराचा सौदा केलात, विकणारा पकडला गेला, त्याने तुमचं नाव दिलं. कलम २५, सात ते चौदा वर्षं. मी म्हटलं, साहेब, कायद्यात सूट आहे, जे जुनं मोडकं हत्यार दुरुस्त करूनही चालवता येणार नाही त्याला लायसन्स लागत नाही, कलम ४५. तो हसला. "दुरुस्त करूनही ना? तुमच्याकडे लेथ आहे. मिलिंग आहे. तुम्ही जुन्या गनांचं सामान दुरुस्तच करता."

पोटात गोळा आला. लेथचं याला कसं माहीत, हा प्रश्न डोक्यात आलाच नाही. मीच त्या देवगडवाल्याला लेथचे, सोड्याच्या टाकीचे, पॅनचे फोटो कौतुकाने पाठवले होते. छंदातल्या माणसाची जीभ सैल असते. अनोळखी माणसाला आपली खोली, आपली अवजारं, आपला माल दाखवू नका.

आणि हेही लक्षात घ्या, की तो सांगत होता ते कायद्याचं खोटं नव्हतं. कलम खरं, शिक्षा खरी. अधिकारी तेवढा खोटा. म्हणूनच माणूस गळतो. शिकली सवरली माणसं कशी फसतात म्हणून हसणाऱ्यांनी एकदा त्या खुर्चीत बसून बघावं. दोन दिवस कॅमेरा बंद करू दिला नाही. बायकोला सांगितलं बँकेचं काम आहे. "चौकशीपुरती अनामत" म्हणून ४९ हजार, पुन्हा ४९ हजार, मग ३८ हजार. तिसऱ्या वेळी त्याच्या मागचा झेंडा पंख्याच्या वाऱ्याने हलला आणि भिंतीसकट हलला. छापील पडदा होता. तेव्हा कॉल कापला. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची कायद्यात तरतूदच नाही, हे मला नंतर मुलाने सांगितलं. पुण्याहून, ओरडून.

आता मदत करणाऱ्यांची कथा.

पैसे गेले तो दुसरा शनिवार. बँक बंद. ऑनलाइन फसवणूक कळवायचा १९३० हा फोन नंबर मला माहीत नव्हता, तुम्ही आत्ता फोनमध्ये घालून ठेवा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी तिथे कळवलं तर अडवता येतात. मी सोमवारी बँकेत गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात ना, मग बँकेची जबाबदारी नाही. मॅनेजर रजेवर. फॉर्म संपलेले. झेरॉक्स समोरच्या दुकानातून स्वतः काढून आणली. भरून दिल्यावर शिक्का मारायला शाई नव्हती. हे अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही, शाई खरंच नव्हती, तिने शिक्का तोंडाजवळ नेऊन वाफ दिली.

पोलीस ठाणं त्याहून वर. हवालदाराने पूर्ण ऐकलं, मग आतल्याला हाक मारली, "अरे ये, काकांनी मशिनगन मागवल्यानी!" चार जण गोळा झाले. एकाने विचारलं, कुणावर लावणार होतात, शेजाऱ्यावर? साहेब आले तेव्हा हसू थांबलं, पण ते त्याहून वाईट. म्हणाले, तक्रार लिहून घेतली तर पहिला प्रश्न तुम्हालाच येईल, की असली वस्तू का घेत होतात. विचार करा. म्हणजे चोराने जी भीती घातली तीच साहेबांनी फुकटात घातली. मग जिल्ह्याला जा. जिल्ह्याला गेलो तर पैसे ज्या खात्यात गेले ते दुसऱ्या राज्यातलं, तिकडे तक्रार करा. मी म्हटलं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ आहे, दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. "काका, तुम्ही वकील का?" म्हटलं, नाही, फिटर. तेव्हा त्यांनी चहा मागवला. त्यांच्यासाठी.

एकूण पाच खेपा. वेंगुर्ल्याहून एसटीने, पावसाने उखडलेल्या रस्त्याने, गुडघे धरून. प्रत्येक खेपेला नवा माणूस, आणि गोष्ट पहिल्यापासून: लुईस म्हणजे काय, पॅन म्हणजे काय, तो का फिरायला नको होता. तिसऱ्या खेपेला एका तरुण पोरीने नीट टाइप केलं. एकच शब्द अडला. "पॅन" लिहिल्यावर तिने पॅनकार्डाचा नंबर मागितला.

तुमच्यापैकी कुणी असलं सामान जमवत असेल तर ऐका. अख्खी गन, अर्धी गन, कापलेली गन, कुणी काहीही दाखला दाखवला तरी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत लेखी विचारल्याशिवाय हात लावू नका. "शासकीय फी" कधीच कुणाच्या खासगी खात्यात जात नाही. वस्तू डोळ्यांनी बघायला मिळत नसेल तर ती वस्तू नाहीच. मी देवगडला दोन तासांत पोचलो असतो. त्याने "आज नको काका, आवशीचा बरा नाय" म्हटलं आणि मी त्याच्या आईच्या प्रकृतीची चौकशी केली. विमानांवरच्या बंदुका बघण्याची हौसच असेल तर गोव्यात बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथलं सी हॉक विमान ज्या तोफा घेऊन उडायचं त्या वीस मिलिमीटरच्या हिस्पानो. मी चार वेळा गेलोय. तेवढ्यावर भागायला काय हरकत होती, हे मला अजून कळलेलं नाही.

परवा बँकेतून मेसेज आला. पुढच्या कुठल्याशा खात्यात माझ्या पैशांतले ४,२१२ रुपये अडकून राहिलेत, ते गोठवलेत. ते सोडवायला कोर्टात अर्ज करावा लागेल, असं सांगितलं. वकील पाच हजार म्हणाला. तरी अर्ज केला, हट्टाने. त्यात एक रकाना होता, खरेदी केलेल्या वस्तूचं वर्णन. मी बराच वेळ पेन धरून बसलो. मग लिहिलं: जी.आय. पाइप, दोन इंची, एक नग. ताटं, स्टीलची, चार.