तळ्यावरच्या हिरव्या सायीला अल्ट्रासाऊंड लावायचा की मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकायचा?

पैसे भरायच्या आधी एक करा, तळ्याचं पाणी काचेच्या बाटलीत भरा आणि दोन-तीन तास अजिबात हलवू नका. वर हिरवी साय जमली आणि खाली पाणी नितळ झालं तर बहुतेक मायक्रोसिस्टिससारखे सायनोबॅक्टेरिया (निळं-हिरवं शेवाळ म्हणतात ते जिवाणू) आहेत, ज्यांच्या पेशीत हवेच्या बारीक पोकळ्या असतात आणि त्यावरच ते तरंगतात. हातात केसांसारख्या बटा आल्या तर ते शेवाळ वेगळं, त्याला पुढचं लागू नाही.

अल्ट्रासाऊंड म्हणजे कानाला ऐकू न येणारा आवाज, त्याचा खरा मारा या पोकळ्यांवर. दाब बसला की त्या चपट्या होतात, पेशी तळाशी जाते, उजेड कमी मिळतो. १८९५ मध्ये क्लेबान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने बाटलीच्या बुचावर हातोडा मारून हेच दाखवलेलं, तरंगणारे सगळे खाली बसले! पण पेशी मेलेली नसते, तळं उथळ असेल आणि ऊन पोचत असेल तर ती नव्या पोकळ्या बनवून परत वर येते. आवाज जोरदार लावला तर पेशी फुटतेही, पण तेवढी पॉवर लॅबच्या भांड्यात जमते, अख्ख्या तळ्याला पुरवणं फार महाग.

आणि बाजारातली कमी पॉवरची मशीन? नेदरलँड्समध्ये २०१४ साली ती तपासली तर मायक्रोसिस्टिस कमी झालेच नाहीत, उलट ४४ किलोहर्ट्झला डॅफ्निया मेले, म्हणजे शेवाळ खाणारे बारके जीवच गेले. मला हे सगळ्यात जास्त खटकतं.

मोरचूद स्वस्त, परिणाम लवकर दिसतो. पण पेशी फुटून आतलं विष एकदम पाण्यात सुटतं, आणि तांबं गाळात साठत जातं, माशांनाही त्रास. जनावरं पाणी पीत असतील तर मी हात लावणार नाही.

हायड्रोजन पेरॉक्साईड मला या दोघांपेक्षा बरा वाटतो, कारण त्याचं शेवटी पाणी आणि ऑक्सिजनच होतं. नेदरलँड्समध्येच एका तलावात लिटरला २ मिलिग्रॅम इतक्या डोसने सायनोबॅक्टेरिया काही दिवसांत जवळजवळ संपले आणि बाकीचे जीव बऱ्यापैकी टिकले. डोस मात्र माहितगार माणसाकडूनच, अंदाजपंचे नाही.

तरीही मशीनच घ्यायचं असेल तर खोल तळ्यासाठी घ्या आणि विक्रेत्याला तुमच्याच पाण्यात महिनाभर ट्रायल द्यायला सांगा. आणि शेणाचं, खताचं, सांडपाण्याचं पाणी तळ्यात येत असेल तर आधी तो पाट वळवा, ही साय वाढवणारा फॉस्फरस तिथूनच येतोय.