व्हेस्टा केस की सिगार कटर: जुन्या साखळीला काय शोभेल?

खिशातल्या घड्याळाच्या ॲल्बर्ट साखळीच्या मोकळ्या टोकाला चांदीची व्हेस्टा केस, म्हणजे आगकाड्यांची छोटी डबी, लावावी की सिगार कटर, हा प्रश्न मला काही वर्षांपूर्वी पडला होता आणि दोन्ही आळीपाळीने वापरल्यावरच तो सुटला. १९व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये दोन्ही वस्तू जाकिटावर मिरवल्या जात, त्यामुळे जुनेपणाच्या दृष्टीने कोणतीही चालेल.

कारागिरी पाहिली तर कटर अधिक चतुर वाटतो. वरची दांडी दाबली की पोलादी पाते सिगारचे टोक घालायच्या भोकावरून सरकते आणि बोट उचलले की स्प्रिंग ते मागे आणते. शिवाय तो आजही आपले मूळ काम करू शकतो. व्हेस्टा केसच्या बुडावरच्या खरबरीत पट्टीवर मात्र आजची सेफ्टी आगकाडी पेटत नाही. ती पट्टी कुठेही घासून पेटणाऱ्या मेणाच्या काड्यांसाठी होती.

तरीही माझा कल बदलला तो एका क्षुल्लक वाटणाऱ्या त्रासामुळे. माझ्या कटरचे भोक एरवी उघडेच असते, आणि जाकिटाच्या खिशात त्या भोकात अस्तराची चुणी सहज शिरते. एकदा बुटाची नाडी बांधायला वाकलो, पोटाच्या दाबाने दांडी खाली गेली आणि अस्तरात पाचराच्या आकाराची स्वच्छ खाच पडली. रफू करून घेतले; पंधरवड्यात दुसरी पडली. सगळेच कटर असे वागत असतील असे नाही, आणि तो खिशाबाहेर लोंबता ठेवणाऱ्यांना कदाचित हा अनुभव येणारही नाही. परंतु पोलादाला चढणारा गंज आणि सांध्यात अडकून बसणारे पॉलिश यांचा वैताग त्यांनाही चुकेल असे वाटत नाही.

व्हेस्टा केसचे कोपरे बहुधा गोल असतात आणि ते खिशाला सांभाळून घेतात. खरेदी करताना झाकण मिटल्यावर ‘टक्’ असा आवाज येतो का, हे आधी पाहावे, कारण बिजागरी सैल झाली की ते चालता चालता उघडते. आतला सोन्याचा मुलामा काड्यांच्या गुलामुळे चांदी खराब होऊ नये म्हणून दिलेला असे. तो थोडा झिजलेला असला तर मला उलट बरे वाटते, कारण ती वस्तू खरोखर वापरात होती. हॉलमार्क झाकणावर आणि पेटीवर असे दोन्हीकडे असतील तर वर्ष दाखवणारे अक्षर दोन्हींवर जुळते का ते भिंगातून पाहावे. माझ्या केसवर जहाजाचा नांगर, म्हणजे बर्मिंगहॅमच्या हॉलमार्कचे चिन्ह, दोन्हीकडे आहे, पण झाकणावरचा इतका पुसट आहे की तो उजेडाकडे तिरका धरल्याशिवाय दिसत नाही.

कटर मी विकलेला नाही. पाहुणे आले की तो बाहेर निघतो आणि प्रत्येक जण तो दोनचारदा दाबून पाहतोच. साखळीला मात्र सध्या व्हेस्टा केसच आहे.