जपान की जर्मनी: मुलाच्या शाळेच्या अंगाने

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या अभियंत्याला जपान आणि जर्मनी अशा दोन्हीकडून नोकरीचे बोलावणे असेल, त्याने पगाराबरोबर मुलाच्या वयाचाही हिशेब मांडावा. दोन्हीकडे सरकारी शाळेत शिकवणीची फी नाही आणि शिक्षण तिथल्याच भाषेत होते. मुलांना चाळणी लागण्याचे वय मात्र निराळे आहे.

जपानमध्ये सक्तीच्या नऊ वर्षांत सहसा कोणाला नापास करत नाहीत. खरी कसोटी पंधराव्या वर्षी, पुढच्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेत लागते. कोल्हापुरात रिक्षामामा दारात हॉर्न वाजवतात, जपानमध्ये मात्र पहिलीचे मूलही बहुधा चालत शाळेत जाते. दुपारी पांढरी टोपी आणि अ‍ॅप्रन घातलेली मुलेच वर्गात भात आणि सूप वाढतात आणि वर्गाची झाडलोटही तीच करतात. (आपल्याकडे मुलाच्या हाती झाडू दिसला, तर पालक दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या दारात उभे राहतील.) तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेल्या मुलाला मांसाहाराचे वावडे नसले, तरी या जेवणात डुकराचे मांसही असते, ते चालत नसेल तर शाळेशी आधीच बोलावे. खरी अडचण लिपीची आहे. प्राथमिकच्या सहा वर्षांत १०२६ कांजी चिन्हे शिकायची असतात, त्यांपैकी पहिलीत केवळ ८०. थेट चौथीत बसणाऱ्याच्या डोक्यावर मात्र ४४० चिन्हांची थकबाकी असते.

जर्मनीत लिपी ओळखीची, पण बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांची वाटणी होते आणि विद्यापीठाकडे सरळ नेणारी शाळा, म्हणजे गिम्नाझियम, काहींच्याच वाट्याला येते. बायर्न (बव्हेरिया) राज्यात त्यासाठी जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी साधारणपणे २.३३ किंवा त्याहून कमी लागते. कमी अशासाठी की तिथे १ ही सर्वोत्तम श्रेणी आणि ६ ही सर्वांत वाईट. नवव्या वर्षी तिथे पोहोचलेल्या मुलाची भाषा रुळण्याआधीच निकाल समोर येतो. शिवाय अनेक प्राथमिक शाळा दुपारीच सुटतात. पूर्ण दिवसाच्या देखभालीचा कायदेशीर हक्क ऑगस्ट २०२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले आहे.

मूल सहा वर्षांचे असेल, तर मी जपानकडे झुकेन. नऊ वर्षांचे असेल, तर जर्मनी, पण नोकरी बर्लिन किंवा ब्रांडेनबुर्गमध्ये असेल तरच, कारण तिथे प्राथमिक शाळा सहावीपर्यंत चालते आणि मुलाला दोन वर्षे जास्त मिळतात.