शेडचं दार: १० फूट, १२ फूट की १४ फूट?

ट्रॅक्टरचं शेड बांधायचं ठरलं की आपल्याकडे विदर्भात टिनाच्या जाडीवर, कॉलमच्या संख्येवर, पाइपच्या इंचांवर भरपूर चर्चा होते. दाराचं माप मात्र मिस्त्रीवर सोडलं जातं आणि तो १० बाय १० ठेवून मोकळा होतो. आज ट्रॅक्टर त्यातून आरामात जातो. पुढे त्यावर छत बसतं, ट्रॉली मोठी येते, धानाच्या पट्ट्यात कोणी हार्वेस्टर घेतो, आणि तेच दार अडायला लागतं. रुंदी थोडी कमी पडली तर चांगला ड्रायव्हर सांभाळून घेतो. उंची कमी पडली तर कोणाच्याच हातात काही राहत नाही. म्हणून पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा, उंचीत नको.

दारव्हा तालुक्यात आमच्या एका नातेवाइकांचं शेड आहे. दाराच्या वरच्या अँगलवर ट्रॅक्टरच्या छताचा लाल रंग घासून घासून बसला आहे. बांधलं तेव्हा दार पुरेसं उंच होतं. नंतर आत मुरूम टाकला, त्यावर कोबा केला आणि जमीन पाऊण फूट वर आली. आता छताच्या नळ्या खोलल्याशिवाय ट्रॅक्टर आत जात नाही, आणि ऐन पेरणीत रोज नळ्या कोण खोलणार? दाराची उंची नेहमी तयार कोब्यापासून मोजायची, आजच्या मातीपासून नाही. समोर चढ करणार असाल तर आणखी फूटभर जास्त धरा. पुढची चाकं कोब्यावर आणि मागची चढावर असताना गाडीचं नाक वर उचललेलं असतं.

आता मापं बघू. साधारण ४५-५० एचपीचा ट्रॅक्टर ६ फुटांच्या आसपास रुंद असतो आणि छतासकट ८ फुटांच्या आसपास उंच. मागे ६ फुटी रोटाव्हेटर असला तरी १० फुटांच्या दारातून दोन्ही बाजूंना दीड-दोन फूट जागा उरते. एकच ट्रॅक्टर, दारासमोर सरळ मोकळं अंगण आणि कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा-चारा, ठेवायला वेगळी जागा असेल, तर १० बाय १० खरंच पुरतं. शिवाय १०० चौरस फुटांचं शटर हातानं ओढता येतं.

अडचण येते ती वळणावर. पांदणीवरून, म्हणजे शेतरस्त्यावरून, येऊन लगेच वळून आत शिरायचं असेल तर ट्रॉली तिरपी घुसते, आणि तिरपी ट्रॉली आपल्या रुंदीपेक्षा बरीच जास्त जागा खाते. उलटी घेताना तर ट्रॅक्टर एकीकडे आणि ट्रॉली दुसरीकडे. १० फुटी दाराचे कॉलम बहुतेक ठिकाणी खालच्या दोन-तीन फुटांतच चेपलेले असतात, ते यामुळेच.

१२ बाय १२ मध्ये हा त्रास जवळजवळ संपतो. बहुतेक घरांसाठी माझं मत याच मापाला आहे. वरच्या उंचीचा सगळ्यात मोठा फायदा कुटाराला आहे. सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार फळ्यांच्या वर रचून भरलं की ट्रॉली सहज ११ फुटांवर जाते, आणि आभाळ भरून आलेलं असताना ती तशीच आत घेता यायला हवी. अर्धी ट्रॉली बाहेर रिकामी करून मग आत घ्यायची वेळ आली, तर खाली पडलेलं कुटार भिजतं आणि जनावरं ते खात नाहीत. कापसाची भरलेली गाडी रात्रभर झाकून ठेवायची असेल तरी हेच. हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, ठेवणाऱ्यांनी तर भूस फेकायच्या नळासकट उंची टेपनं मोजूनच ठरवावं.

१४ बाय १४ चा विचार भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या धानपट्ट्यात, आणि तोही यंत्र भाड्यानं चालवणाऱ्यांनी करावा. चाकांच्या मोठ्या हार्वेस्टरची उंची १२ ते १३ फुटांच्या घरात जाते. त्याचा पीक कापणारा १४ फुटी कटर बार सोडवून वेगळ्या गाडीवर ठेवता येतो, त्यामुळे रुंदीचं जमतं. उंची सोडवून ठेवता येत नाही. चेनवाला लहान हार्वेस्टर असेल तर त्याला १२ फुटी दार पुरतं. त्याच्यासाठी १४ चा खर्च करू नका.

खर्चाचा हिशेब फसवा आहे. १० वरून १४ म्हणजे ४ फूटच वाढले असं वाटतं, पण क्षेत्रफळ १०० वरून १९६ चौरस फुटांवर जातं. शटर चौरस फुटावर विकतात, म्हणजे किंमत जवळजवळ दुप्पट. हातानं ते ओढवत नाही, गिअर आणि साखळी लावावी लागते. आणि वारा! भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रतिसेकंद धरला आहे. त्या वेगानं १४ बाय १४ च्या बंद दारावर दोन टनांच्या वर दाब येतो, १० बाय १० वर त्याच्या निम्मा. मे-जूनच्या वादळात टिनं उडताना आपण पाहतोच. मोठं दार करायचं तर चौकट आणि कॉलमही त्याच ताकदीचे हवेत.

दाराचा प्रकार निवडताना आपल्या काळ्या मातीला विसरून चालणार नाही. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, आणि उथळ पायाचे कॉलम त्याबरोबर हलतात. कॉलम इंचभर जरी कलला तरी शटरची पट्टी चॅनलमध्ये अडकते. शिवाय शटरचा गुंडाळा वर फूट-दीड फूट जागा घेतो. तो दाराच्या आतून खाली लटकत असेल तर १२ फुटांचं दार साडेदहाचं होतं. दोन पल्ल्यांचं लोखंडी गेट स्वस्त आणि गावच्या वेल्डरला दुरुस्त करता येणारं, पण ६-७ फुटांचा पल्ला काही वर्षांत खाली लोंबतो आणि पावसाळ्यात जमिनीला घासतो.

मला वरून टांगलेलं सरकतं गेट सगळ्यात बरं वाटतं. खाली रूळ नको, तो चिखल-गोट्यांनी भरतो. झुलू नये म्हणून तळाशी एक छोटा मार्गदर्शक पुरे. फक्त बाजूला दाराएवढीच मोकळी भिंत लागते, १२ फुटांचं दार तर १२ फूट भिंत. जमत नसेल तर ६-६ चे दोन भाग करून दोन्हीकडे सरकवा. कोणतंही गेट करा, त्यात माणसासाठी ३ फुटी दिंडी, म्हणजे छोटं दार, ठेवाच. ग्रीसचा डबा काढायला रोज एवढं मोठं दार कोण उघडेल?

एकपाखी, म्हणजे एकाच बाजूला उतार असलेलं, शेड असेल तर दार उंच बाजूला काढा आणि ती बाजू शक्यतो पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवा. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. गोसीखुर्द धरणाकडच्या किंवा तलावाकाठच्या मंडळींना फायबरची बोट ट्रॉलीवरून शेडात न्यायची असेल, तर दारापेक्षा समोरची सरळ जागा मोजा. लांब बोट वळणावर भिंतीला लागते. इंटरनेटवरचे अमेरिकन आराखडे उतरवू नका. तिथलं साधं गॅरेजचं दार ७ फूट उंच असतं, मोटारघरांचं १४ फुटांपर्यंत, आणि आपल्या कुटाराच्या ट्रॉलीला पहिलं कमी पडतं, दुसरं उगाच मोठं होतं.

ऑर्डर देण्याआधी एक काम करा. जिथं दार येणार तिथं चुन्यानं १० आणि १२ फुटांच्या खुणा मारा, चारही खुणांवर बांबू रोवा, आणि ड्रायव्हरला पांदणीवरून भरलेली ट्रॉली उलटी घेऊन यायला सांगा. सकाळी एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा. कोणता बांबू पडतो ते मिस्त्रीला उभं करून दाखवा, मगच माप लिहून द्या.