जपानी लॅबमध्ये निघालात? वसतिगृह की स्वतंत्र खोली

भाचा ऑक्टोबरपासून जपानमधल्या लॅबमध्ये मास्टर्सला लागतोय. राहायचं कुठे, यावर गाडी अडलीय.

सुरुवातीच्या खर्चात विद्यापीठाच्या वसतिगृहाला तोड नाही. भाडं कमी, पलंग-टेबल तयार. खाजगी खोलीसाठी मात्र शिकिकिन (डिपॉझिट), घरमालकाला द्यायचे आणि कधीच परत न येणारे रेईकिन, एजंटची दलाली, हमीदार कंपनीची फी... पहिल्याच फटक्यात काही महिन्यांचं भाडं जातं. वर खोली रिकामी! शेगडी, कधीकधी दिवेसुद्धा आपलेच. (‘यूआर’ या निमसरकारी गृहसंस्थेच्या घरांना रेईकिन, दलाली, हमीदार लागत नाही, तेही बघावं.)

लॅबचं वेळापत्रक धरलं की पारडं फिरतं. प्रयोग रात्री लांबतात, शेवटची ट्रेन मध्यरात्रीच्या सुमारास जाते. वसतिगृह कॅम्पसपासून लांब असेल तर स्वस्त भाडं काय चाटायचंय? सायकलच्या अंतरावरची खोली बरी.

मुदत? अनेक वसतिगृहांत सहा महिने ते वर्षभरच.

पहिल्यांदाच जाणाऱ्याने, जपानी येत नसेल तर नक्कीच, वसतिगृह घ्यावं. भाडेकरार बहुधा जपानीतच असतात. पीएचडीवाल्यांनी किंवा जोडीदारासह जाणाऱ्यांनी खोली बघावी. भाच्याला सांगितलंय, आधी वसतिगृह, मग लॅबमधल्या एखाद्या सेनपाईला (सीनियरला) सोबत घेऊन घर शोध.