ऑफ सीझनला निवांत गावात: थंडीत जावं की पावसात?

गर्दी नको, शांतता हवी, प्राणी-पक्षी बघायचेत, इथवर ठीक, पण जायचं कधी? मला विचाराल तर थंडीत. बऱ्याच झाडांची पानं गळालेली असतात त्यामुळे फांदीवरचा पक्षी लपूच शकत नाही, आणि बरेच छोटे पक्षी या दिवसात वेगवेगळ्या जातींचे मिळून थव्याने फिरतात, म्हणजे बराच वेळ काहीच नाही आणि मग एकदम एकाच झाडावर चार-पाच प्रकार, कुठं कुठं बघू असं होऊन जातं. शिवाय सूर्य उशिरा उगवतो म्हणून पार पहाटे उठायची कटकट नाही. अंधार मात्र लवकर पडतो, टॉर्च लागतोच.

पावसात दुर्बीण निम्मा वेळ बॅगेतच, बाहेर काढली की लेन्सवर वाफ, पक्षी ऐकू येतो पण दिसत नाही. पण बेडूक! रात्री डबक्याकाठी नर गळ्याची पिशवी फुगवून ओरडत बसतात ते थंडीत कुठून मिळणार? आणि रात्री कोण येऊन गेलं ते सकाळी चिखलातल्या ठशांवरून कळतं, नखं उमटली असतील तर बहुतेक कुत्रा-कोल्हा मंडळी, नसतील तर मांजर कुळातलं कोणीतरी. मुलं सोबत असतील तर सरळ पावसातच जा, थंडीत तासभर गप्प बसणं त्यांना जमत नाही (मोठ्यांना तरी कुठं जमतं म्हणा).